उलटी जोडलेली वायर

२ सप्टेंबर, कार्लोव्त्सी

आलो एकदाचा! बेलग्रेडचा तो चौथा मजला, खालून झाडूच्या दांड्याने छत बडवणारी बाई, कायम बंद पडलेली लिफ्ट, सगळी कटकट संपली. हे घर आता माझं. बैठं, लांबट, भिंती दीड हात जाड, पाठीशी द्राक्षमळ्यांची टेकडी, पुढे अंगण आणि अंगणात एक जर्दाळू. मोठ्या खोलीत ओकच्या फळ्यांची जमीन आहे आणि फळ्यांखाली पोकळी. दारात उभं राहून पाय आपटला, तर दणका पायातून चढत थेट पोटात आला. मी आणखी दोनदा आपटला आणि एकटाच हसत बसलो.

ही जमीन पाहूनच घर घेतलं. वीस वर्षं मी पैसेवाल्या मूर्खांच्या दिवाणखान्यांत सबवूफर, म्हणजे खर्जाचे स्पीकर, लावून आणि जुळवून देतो. गेल्या महिन्यात एका दंतवैद्याने सबवूफर कपाटात कोंडून वर क्रोशाचा रुमाल घातला होता आणि मलाच विचारत होता की खर्ज कुठे गेला. असल्यांना दोन-दोन धड कान आहेत. माझी नेवेना दोन वर्षांची असताना तापात तिचे दोन्ही गेले. आता ती सात वर्षांची आहे. पण खर्ज नुसता कानाचा नसतो, तो अंगाला लागतो. बेलग्रेडला ती स्पीकरला पोट लावून झोपायची आणि पाच मिनिटांत खालचा झाडू सुरू व्हायचा. इथे ती या फळ्यांवर हातपाय पसरून पडेल आणि मी तिला तळपायापासून टाळूपर्यंत संगीत ऐकवीन. बायकोची, यास्नाची, इस्पितळातली नोकरी वीसला सुटेल, एकवीसला मायलेकी येतील. तोवर खोली जुळवून ठेवायची, एवढंच काम.

३ सप्टेंबर

घराबरोबर जुन्या मालकाचं भंगारही पदरात पडलं आहे. मालकाचं नाव आर्कादिये, एकटाच राहायचा, मेमध्ये इथेच खुर्चीत बसल्या बसल्या गेला. भाच्याने घर आहे तसं विकून टाकलं. शेजारची लेपोसावा आजी सकाळी कुगलोफ केक घेऊन आली आणि तासभर त्याच्याबद्दल बोलत राहिली. म्हणे तीस वर्षं रेडिओत होते, म्हणे आवाजातलं त्यांच्याइतकं कोणाला कळत नव्हतं.

कळत होतं ते दिसलंच. खोलीत घरी ठोकलेल्या कपाटाएवढ्या दोन सबवूफर पेट्या आहेत, एक खिडकीखाली, दुसरी बरोबर समोरच्या भिंतीला. दोन्हींच्या मागे लाल वायर काळ्या जागी आणि काळी लाल जागी! म्हणजे स्पीकरचा पडदा पुढे यायचा तेव्हा मागे जाणार. ही चूक आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात होते, दुसऱ्या आठवड्यात तिच्यावर हसतात. अॅम्प्लिफायर चालूच ठेवलेला. घरात ना रेडिओ, ना एक रेकॉर्ड. अॅम्प्लिफायरमध्ये येणारी वायर फळ्यांच्या फटीतून सरळ जमिनीखाली गेली आहे. वर सगळ्या नॉबवर लाल नेलपॉलिशचा एकेक थेंब, हलू नयेत म्हणून. असं सील कारखान्यात करतात, ते ठीक. पण इतकं चुकीचं जुळवून त्यावर सील करायला वेगळीच अक्कल लागते.

जाताना आजी दारात घुटमळली. म्हणाली, उस्ताद, यंत्रावरचा तो लाल दिवा तेवढा विझवू नका हं, आर्कादियेकाकांनी जाण्याआधी सांगितलंय, मी रोज येऊन बघत होते. मी म्हटलं, आजी, जाताना माणसं काहीही सांगतात. तिला राग आला नाही, नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. कुगलोफ मात्र फर्मास होता.

५ सप्टेंबर

आज म्हाताऱ्याचं सगळं निस्तरलं. वायरी सुलट्या जोडल्या. चाकूच्या टोकाने नेलपॉलिश खरवडलं आणि सगळे नॉब शून्यावर आणले. जमिनीत जाणारी वायर फळीपाशी कापली. काढण्याआधी खूण करा, फोटो घ्या, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला दहादा बजावतो. इथे फोटो घेतला नाही. कचऱ्याचा कोणी फोटो घेतं का?

अॅम्प्लिफायर बंद केला तेव्हा क्षणभर कान दडले, बसमधून डोंगर चढताना दडतात तसे. मग सुटले. जुन्या यंत्राने शेवटचा झटका दिला असेल.

७ सप्टेंबर

सबवूफर कुठे ठेवायचा हे ठरवायची एकच खरी रीत आहे. ऐकणारा जिथे बसणार तिथे, खुर्चीवर, सबवूफर ठेवायचा, एक खर्जाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा आणि आपण भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यांवर रांगायचं. जिथे खर्ज भरीव आणि सारखा लागतो, तिथे पेटी ठेवायची. नेवेना खोलीच्या मधोमध झोपणार म्हणून पेटी मधोमध ठेवली आणि सकाळपासून रांगलो. एका कोपऱ्यात खर्ज नुसता गुरगुरतो, दाराजवळ पार विरतो, पश्चिमेच्या भिंतीपासून तीन वितींवर मात्र इतका गोल आहे की मी तिथेच बसून राहिलो.

खिडकीत आजी आणि तिचा जावई झिवान. झिवान द्राक्षवाला, पोट पुढे आणि अक्कल मागे. म्हणतो, काय उस्ताद, काही हरवलं का? अक्कल असेल तर खाटेखालीपण बघा. आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच इतका हसला की जर्दाळूवरचे पक्षी उडाले. आजीने मात्र छातीवर क्रूस काढला. मला विचारलं की तुम्ही जमिनीला कान लावून काय ऐकत होता. मी सांगितलं की मी मोजत होतो. तिला फरक कळला नाही, आणि तिने तो कळून घ्यावा अशी माझी अपेक्षाही नाही.

९ सप्टेंबर

मोजणीचा माईक मधोमध उभा केला, लॅपटॉप लावला, आलेख काढला. माझी जागा अचूक होती. आता दोन्ही पेट्या मिळून इतका सपाट खर्ज देतात की त्या दंतवैद्याला आणून दाखवावा.

एक गोष्ट सोडून. काहीही वाजत नसताना आलेखावर सतराच्या जागी उंचवटा दिसतो. सेकंदाला सतरा कंप म्हणजे कानाच्या हद्दीखालचं, माणसाला ऐकू न येणारं. फ्रिज असणार म्हणून फ्रिज बंद केला. मग बॉयलर, मग घराचा मेन स्विचच पाडला आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवला. उंचवटा जागच्या जागी! नोवी सादची रेल्वे असेल म्हणावं तर वेळापत्रक घेऊन बसलो, गाडी नसतानाही आहे. दान्यूबवरच्या बोटी असतील. अशा चिल्लर गोष्टीत माझा अख्खा दिवस गेला.

११ सप्टेंबर

तो सलग नाही. येतो, अर्धा-पाऊण मिनिट राहतो, वरखाली होतो, थांबतो. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा तसाच, तितकाच, त्याच चढउतारांचा. यंत्र असं वागत नाही.

ध्वनिमुद्रण करून सोळापट वेगाने वाजवलं, म्हणजे ऐकू येईल इतकं वर आलं. शेजारच्या खोलीत दार लोटून कोणी बाई बोलते आहे असं वाटलं. शब्द लागत नाहीत, पण शेवटी सूर चढतो, प्रश्न विचारताना चढतो तसा. आठ वेळा ऐकलं. मग लॅपटॉप मिटला आणि स्वतःला शिवी दिली. पाण्याच्या नळात हवा अडकली की असले शंभर आवाज येतात, आणि मी काही खेड्यातली म्हातारी नाही.

१३ सप्टेंबर

तरी म्हातारीकडे गेलोच. अंगणात द्राक्षांचे क्रेट, गांधीलमाश्या, झिवानची आरडाओरड. मी सहज म्हणून विचारलं की माझ्या खोलीखाली काय आहे.

लागुम आहे म्हणाली. इथे प्रत्येकाचं असतं, टेकडीच्या पिवळ्या मातीत आडवं खणलेलं, पिंपं ठेवायला. आर्कादियेचं घरामागून सुरू होऊन मोठ्या खोलीखाली येतं. एकेचाळीस वर्षांपूर्वी तोडणीच्या दिवसांत त्याची बायको स्मिल्या रस बघायला आत गेली आणि मागे छत बसलं. चार दिवस खणलं, मग आणखी माती येऊ लागली म्हणून थांबवलं. आर्कादियेने लागुमचं तोंड विटांनी बंद केलं. त्यानंतर त्याला म्हणे ती ऐकू यायची, कानाने नव्हे, बरगड्यांत. एकच विचारायची, कोणी ऐकतंय का? त्याने ती यंत्रं केली तेव्हा कुठे त्याला झोप लागली.

मी म्हटलं, आजी, ऐकतंय का विचारते तर माणसाने हो म्हणावं, एवढा खटाटोप कशाला? ती म्हणाली, त्यांच्या कुत्र्याने म्हटलं होतं ना. पंजे आपटायचा, शेपटी हलवायचा, फळ्या चाटायचा. पुढे विटा खरवडायला लागला. एक दिवस कुत्रा नाही, आणि विटा जशाच्या तशा. उस्ताद, तुम्ही तो दिवा विझवला ना?

 झिवानने मला इथल्या गोड वाइनचा, बेरमेतचा, एक ग्लास पाजला आणि म्हणाला, सासूबाईंचं मनावर घेऊ नका, त्यांना टीव्हीतली माणसंही आपल्याकडे बघतात असं वाटतं. पहिल्यांदाच त्याचं म्हणणं मला पटलं.

१६ सप्टेंबर

फळी उचकटली. कापलेल्या वायरीचं दुसरं टोक मनगटाएवढ्या भोकातून खाली गेलं आहे. ती माझ्या यंत्राला लावून पाहिली. तिच्या टोकाला माईक आहे. लागुमच्या पोटात लोंबकळतो आहे आणि अजून चालतो.

मग सगळं एकदम कळलं. म्हातारा संगीत ऐकत नव्हता. तो खालचा आवाज माईकने उचलत होता, उलटा करत होता आणि पेट्यांतून परत सोडत होता. खालचा आवाज हवा पुढे ढकलतो त्याच क्षणी पेटी तितक्याच जोराने मागे ओढते, आणि दोघांची मिळून शांतता होते. म्हणून वायर उलटी. म्हणून थेंब. एकेका नॉबसाठी त्याने किती वर्षं घालवली असतील कोण जाणे. आमच्या धंद्यात असं जुळवलेलं मी आजवर पाहिलं नाही, आणि ते मी चाकूने खरवडलं.

फोटो नाही, खूण नाही. गाढव मी आहे.

१९ सप्टेंबर

तीन दिवस तेच. वायर जोडली, पेट्या जुन्या जागी नेल्या, लाल-काळी पुन्हा उलटी केली. पण सहा नॉब आहेत. केसभर इकडे झालं की उंचवटा बसण्याऐवजी फुगतो, मी त्याला मारायच्या ऐवजी खायला घालतो. जरा बसवला की तो सरकतो. आलेख काढायला दर वेळी चार मिनिटं लागतात, तोवर तो बदललेला असतो. मी, व्लास्तिमिर, ज्याला झाग्रेबहून बोलावणी येतात!

यास्नाला फोन करून म्हटलं की आठवडाभर उशिरा या. तिने कारण विचारलं. खरं सांगितलं असतं तर ती हसली असती, आणि माझ्यावर कोणी हसलेलं मला चालत नाही. मी म्हटलं, रंगाचा वास आहे. ती म्हणाली, व्लास्ता, चाव्या परत दिल्यात, सामान गाडीत आहे, वासाचं काय घेऊन बसलास, खिडक्या उघड.

२१ सप्टेंबर

आल्या. नेवेना गाडीतून उतरून थेट मोठ्या खोलीत धावली. पिवळ्या सँडल. मी वाटेतच तिला उचलणार होतो, पण ती माझ्या हाताखालून निसटली आणि फळ्यांवर पालथी पडली, गाल टेकवून.

मी काही लावलेलं नव्हतं. यंत्रं बंद होती.

ती हसली. मग उठून बसली आणि हातांनी विचारलं, कोण आहे?

२२ सप्टेंबर

सकाळपासून ती तिथेच. मागच्या खोलीत नेली तर तिथल्या फरशीला गाल. अंगणात नेली तर जर्दाळूखाली जमिनीला. यास्ना खूश आहे, म्हणते, बघ, तुझी खोली किती आवडली तिला, इतके दिवस तू उगाच फुगला होतास.

मी नेवेनाला हातांनी विचारलं की काय कळतं. तिने सांगितलं की एक बाई आहे. एकच विचारते. कोणी ऐकतंय का.

तिला हे कोणी सांगितलेलं नाही. आजीची तिची भेटही नाही.

बडबड केली, रागावलो. ती डोळे मिटून पडून राहिली. डोळे मिटले की माझं बोलणं तिच्यासाठी संपतं.

२३ सप्टेंबर

एक गोष्ट केली, ती लिहायला लाज वाटते. माझा माईक मंद आहे आणि मला ऐकू येत नाही. या घरात त्या आवाजाचा बारीकातला बारीक फरक कळणारं एकच माणूस आहे. मी माझ्या मुलीला माईकसारखी खोलीच्या मधोमध झोपवली. सांगितलं, ती बोलते तोवर हात वर ठेव, थांबली की खाली घे. नऊ वाजता सुरुवात केली. उन्हाचा पट्टा तिच्या पायांवरून खांद्यापर्यंत गेला. मी एकेक नॉब फिरवत होतो, तिच्या हाताकडे बघत होतो. हात वर. हात वर. अकरा वाजून दहा मिनिटांनी हात हळूच खाली आला.

मी बोट उचलायला घाबरत होतो. यास्नाचं नेलपॉलिश आणलं, सहाही नॉबवर थेंब टाकले. नेवेनाला उचलून नाचलो. यास्नाला वाटलं मला वेड लागलं. दुपारी आजीला कुगलोफबद्दल धन्यवाद द्यायला गेलो, जन्मात पहिल्यांदा कोणाला धन्यवाद द्यायला गेलो असेन.

२४ सप्टेंबर

सहज म्हणून आलेख काढला.

उंचवटा गेलेला नाही. दुप्पट झाला आहे.

नेवेनाने हात खोटाच खाली घेतला होता.

विचारलं, का?  ती हातांनी म्हणाली, ती बाई बंद झाली असती. आणि म्हणाली, ती माझ्याशी बोलते तेव्हा तुझ्यासारखी कंटाळत नाही.

मी हात उगारला होता. मारलं नाही, पण उगारला होता. तिने पाहिला.

आमच्या घरात तिला हाक मारायची म्हणजे जमिनीवर पाय आपटायचा, आणि तीही टाचेने उत्तर देते. दुपारी स्वयंपाकघरातून टाच ऐकली. ठक. ठक. मी धावत गेलो तर ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. ती मला हाक मारत नव्हती.

२५ सप्टेंबर

यास्ना अंगणात कपडे वाळत घालत होती. मी वायरी उपसत होतो, पाठ फक्त — दहा मिनिटं. सकाळचे साडेदहा.

नेवेना खोलीत नाही. घरात नाही. अंगणात नाही.

लागुमच्या विटा जशाच्या तशा. एकही सुटलेली नाही. मी पहारीने फोडल्या.

झिवान आला. मेणबत्ती काठीला बांधून आत धरली, इथले सगळे धरतात, विझली तर आत जायचं नाही. विझली नाही. वारा नसताना ज्योत थरथरत राहिली, थांबली, पुन्हा तशीच थरथरली. झिवान काही विनोद करेल म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं. तो काठी टाकून निघून गेला.

२६ सप्टेंबर

बंबवाले. नऊ जण, आणि एकालाही — त्यांचा साहेब आधी मलाच विचारतो की मुलीला घरातून पळून जायची सवय आहे का.

चौदा पावलांवर जुना ढिगारा. दगडासारखा. त्यांनी ऐकायचं यंत्र लावलं, टोपी काढून सगळे गप्प उभे. मग मान हलवली. खाली जिवंत काही नाही म्हणे. मूर्ख. त्यांचं यंत्र विसाच्या खाली जातच नाही. मी सांगितलं. त्यांनी मला पाणी प्यायला दिलं.

ढिगाऱ्यात एक पिवळी सँडल सापडली. चाळीस वर्षांच्या मातीत, आरपार गेलेल्या वेलीच्या मुळांत — मुळं कापून काढावी लागली. साहेब म्हणाला, जुनी असेल कोणाची तरी. मी ती ऑगस्टमध्ये घेतली होती. आतला आकडा अजून वाचता येतो.

२७ सप्टेंबर

यास्ना माझ्याशी बोलत नाही. तिला सगळं सांगितलं. सगळं — दिवा, थेंब, हात वर, हात खाली. ती म्हणाली, तू तिला माईक केलंस? एवढंच म्हणाली.

आलेख. सतराला उंचवटा. आणि तेविसाला आणखी एक. बारीक. काल नव्हता.

२८ सप्टेंबर

छताला तडा. बंबवाल्यांनी काम थांबवलं — माती बसते आहे. उद्या तोंडातून काँक्रीट ओतणार. घर सोडा म्हणतात. कागदावर सही मागतात.

आजी आली होती. रडत होती. म्हणाली, उस्ताद, काकांसारखं करा, शांत करा, दोघींनाही सुटू द्या. हाकलून दिलं तिला.

पण म्हणाली ते — वायरी पुन्हा जोडून बसून पाहिलं.  नऊ तास. नेमकी जागा सापडली. सगळं सपाट. दोन्ही उंचवटे गेले. इतकी शांतता की कानात स्वतःचं रक्त —

नॉब लगेच परत फिरवला. बारीकही गेली होती ना.

२९ सप्टेंबर, सकाळ

फक्त मोठी खाली आणायची, बारीक ठेवायची. एवढंच. वीस वर्षं हेच तर — दोन आवाज वेगळे करायचे. जमत नाही. एकदम वर जातात, एकदम खाली. केसाचाही फरक नाही. दोन जागी असलेल्या दोघी अशा — एकाच तोंडातून निघाल्यासारखं —

मला कळतं याचा अर्थ काय. मी काही मूर्ख नाही.

दुपार

काँक्रीटची गाडी फाटकात. यास्ना अंगणातून ओरडते आहे, बाहेर ये, व्लास्ता, बाहेर ये. गिलावा पडतो आहे, वहीवर — झटकला.

सोळापट वेगाने लावलं. मोठी आज गप्प आहे. बारीक बोलते.

नेवेना. माझी नेवेना. सात वर्षांत तिच्या तोंडून एक वाक्य कधी धड — आणि हे स्पष्ट, एकेक अक्षर सुटं, कुठे अडखळणं नाही, ऐकून ऐकून शिकलेल्या मुलीसारखं —

म्हणते, बाबा, अजून मोठं कर.

ती खरंच नेवेना आहे की नाही ते — असो. नसो. काँक्रीट ओतायला लागले, खालून धप्प आवाज — यास्ना दार —

मोठं कर म्हणते. सगळे नॉब उजवीकडे नेले. फळ्या वाकल्या, खुर्ची सरकते आहे, लिहिता येत नाही नीट — पुन्हा म्हणाली. करतो ग. करतो, अजून थोडी जागा आहे, हा शेवटचा नॉब अजून —